कोहळा फुटेपर्यंत

भैय्याजी घाटोळ्यांनी पिस्तुलाच्या नळीखालची टोपी अंगठ्यानं दाबून फिरवली आणि ती निसटली. आतल्या स्प्रिंगनं तिला असा काही तडाखा दिला, की ती टेबलावरून उडाली, फरशीवर दोनदा वाजली आणि त्यांच्याच डाव्या चपलेला टेकून थांबली.

समोर रमाबाई झेंडूची फुलं ओवत बसल्या होत्या. टोपी कुठं थांबली ते त्यांनी पाहिलं.

भैय्याजी वाकले आणि उजवीकडे, दिवाणाखाली हात फिरवू लागले. आधी सावकाश, मग भराभरा. धुळीनं बोटं काळी झाली.

"काय शोधून राहिले?"

"काई नाई. पाठ मोकळी करून राहिलो."

पाठ मोकळी करून राहिले म्हणे! रमाबाई उठल्या. सांडलेल्या पाकळ्या गोळा करण्याचं निमित्त करून त्यांनी टोपी उचलली आणि त्यांच्या बोटांपुढे अलगद ठेवून दिली.

"हे पाय, सापडली," भैय्याजी विजयी मुद्रेनं म्हणाले, आणि पिस्तूल पुन्हा जोडायला बसले. जोडताना मात्र बोटं कुठं अडली नाहीत. डोळे मिटून पोळ्या लाटणारी बाई असते ना, तसे ते पिस्तूल जोडत.

पिस्तूल पंचेचाळीस बोअरचं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं. भैय्याजींचे थोरले बंधू तेव्हा आसामच्या बाजूला होते, त्यांच्याकडून ते लायसनसकट इकडे आलं. हातात घेतलं तर खलबत्ता उचलल्यासारखं वाटावं असं जड. बार काढला की मनगट वर फेकलं जाई, रिकामी पुंगळी उजवीकडे उडे आणि पुढची गोळी आपोआप नळीत जाऊन बसे. असल्या बोअरचं नवं लायसन आता कुणाला मिळत नव्हतं, काडतुसं तर दिसेनाशीच झाली होती. म्हणून अख्ख्या भिलाईतल्या मराठी मंडळींत भैय्याजींचा रुबाब होता. प्लांटच्या स्टोअर्समधून ते रिटायर झाले, स्मृति नगरात घर बांधलं, पण ओळख करून देताना लोक आजही म्हणत, "हे आमचे पिस्तूलवाले भैय्याजी."

आणि हा रुबाब वर्षातून एकदा, खंडेनवमीला, सगळ्यांना बघायला मिळे. त्या दिवशी घरोघरी हत्यारांची पूजा होते आणि बळी म्हणून कोहळा कापतात. भैय्याजी कोहळा कापत नसत. ते गोळीनं फोडत. त्यांचा मुलगा माणिक याचा हथखोजला फॅब्रिकेशनचा छोटा कारखाना होता. त्याच्या शेडमागच्या माळावर लोखंडी चौकटीत कोहळा टांगायचा. रमाबाईंनी त्याला कुंकू लावायचं आणि बाजूला व्हायचं. मग भैय्याजींनी एकच बार काढायचा. आणि एक नियम थोरल्या बंधूंपासून चालत आलेला: कुंकू लागल्यापासून कोहळा फुटेपर्यंत कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही.

पण भैय्याजींना दिसत नव्हतं. लोकांना ते सांगत, मोतीबिंदू आहे, पिकू द्या. तो काचबिंदू होता. डॉक्टरांनी दोघांनाही समोर बसवून सांगितलं होतं, की गेलेली नजर परत येत नाही. घरी आल्यावर भैय्याजींनी बायकोचा हात आपल्या गळ्याला लावला होता.

"माझ्या गळ्याची आण आहे तुले. कोणाले बोलायचं नाई."

बाई बोलल्या नाहीत. मागच्या नवमीला पहिली गोळी हुकली, दुसरीनं कोहळा फुटला. "ट्रिगर जड झाला," म्हणून भैय्याजी हसले, सगळे हसले. दोन दिवसांनी कारखान्याचा चौकीदार चिंधू यानं रमाबाईंना गुपचूप आपल्या झोपडीत नेलं. माळाच्या पलीकडे, बांधाच्या वर ती झोपडी. तिच्या टिनाला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं आणि त्यातून उन्हाचा कवडसा खाली गोधडीवर आला होता.

"मोर बहू इही मेर सुतथे, दाई," चिंधू म्हणाला. माझी सून इथंच झोपते. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं. ती सून तेव्हा पोटुशी होती. आता तिचं बाळ रांगत होतं.

वर्षभर रमाबाईंच्या डोळ्यांपुढून तो कवडसा हलला नाही. नवरात्र बसलं तसा त्यांनी माणिकला आडून आडून विषय काढून पाहिला. आण मोडायची नव्हती, म्हणून त्या एवढंच म्हणाल्या, की बाबांचं वय झालं, औंदा कोहळा कोयत्यानं काप.

"आई, छोड ना. बाबांचा एकच तर शौक आहे," माणिक म्हणाला. "मराठी मंडळाचे सगळे लोक येऊन राहिले. देशकरकाका तर कॅमेरा आणणार आहेत."

आज, पिस्तूल जोडून झाल्यावर, त्यांनी नवऱ्यापुढेच पदर पसरला.

"अवो, नका करू औंदा. कोणाचा जीव जाईन."

"कोणाचा जाते?" भैय्याजींनी नळीवरची स्लाइड मागं खेचून सोडली. खाड्‌कन आवाज झाला. "तिथं इटा मांडल्या हायेत मी. टाचा इटेले लावतो, हात आपोआप तिथंच जाते. डोळ्याचं काय काम?"

"चिंधूच्या टिनाले भोक पडलं मागच्या साली."

भैय्याजींनी फडक्यानं नळी पुसली. मग फडकं घडी करत म्हणाले, "टिनाले काय, गंजूनही पडते."

रमाबाईंचं डोकं फिरलं. गंजून! पस्तीस वर्षांच्या संसारात या माणसाचा एवढा राग त्यांना कधी आला नव्हता. त्या माळ घेऊन देवघरात गेल्या. तिथंच त्यांनी काय करायचं ते ठरवलं.

नवमीच्या सकाळी माणिकच्या मॅटाडोरमधून सगळे हथखोजला पोचले. कारखान्यात लेथला, ड्रिलला, वेल्डिंगच्या सेटला झेंडूच्या माळा पडल्या होत्या. पूजा झाली, प्रसाद झाला. मग सगळे शेडमागे गेले. मंडळाचे सेक्रेटरी अच्युत देशकर गळ्यात कॅमेरा अडकवून पुढे उभे राहिले. बायका जरा मागं थांबल्या. बांधावर चिंधूच्या झोपडीपुढे त्याची सून बाळाला कडेवर घेऊन उभी होती. दर वर्षी गंमत बघायला उभी राही तशीच.

भैय्याजींनी चपला काढल्या. पायानं चाचपून विटांना टाचा लावल्या. गोळ्यांचं मॅगझीन आत सरकवलं, स्लाइड खेचली.

"चला," ते मोठ्यानं म्हणाले. "आता कोणी बोलायचं नाई."

माळ गप्प झाला. रमाबाई कुंकवाची वाटी घेऊन चौकटीकडे चालत गेल्या. कोहळा त्यांच्या छातीच्या उंचीला टांगला होता, राखाडी, थंडगार. त्यांनी त्याला पाच बोटं उठवली. वाटी खाली ठेवली. मग बाजूला होण्याऐवजी त्या वळल्या आणि कोहळ्याला पाठ लावून उभ्या राहिल्या.

त्यांचा बेत साधा होता. पिस्तूल वर आलं, आपल्यावर रोखलं गेलं, की सगळे बघतील. मग ओरडायचं, "अवो, मी इथंच हावो!" बस्स. आण मोडायची नाही, कुणाला काही सांगायचं नाही. लोकांच्या डोळ्यांना जे दिसायचं ते दिसेल.

पिस्तूल वर आलं.

नळीचं काळं तोंड सरळ त्यांच्यासमोर थांबलं. भैय्याजींनी अंगठ्यानं सेफ्टीचा खटका खाली केला, त्याचा बारीक टक्‌ असा आवाज त्यांना तिथपर्यंत ऐकू आला. रमाबाईंनी तोंड उघडलं.

आवाज आला नाही. घसा असा कोरडा पडला होता, की जीभ टाळूला चिकटून बसली. त्यांनी पुन्हा जोर केला. नुसती हवा बाहेर आली. मेले मी, त्यांच्या मनात आलं, आपल्याच हातानं मेले.

देशकरांनी कॅमेरा डोळ्यांना लावला होता. तो त्यांनी हळूहळू खाली घेतला. माणिक एक पाऊल पुढं आला आणि जागीच थिजला. बाबांचं बोट ट्रिगरवर होतं. ओरडलं आणि ते दचकले तर? धावलं आणि चाहूल लागली तर? कुणीच काही केलं नाही. रमाबाईंनी दोन्ही हात पोटाशी घट्ट दाबून धरले होते, इतके घट्ट, की काकणं मनगटात रुतली. पाय हलत नव्हते. वर बांधावर बाळ काहीतरी हुंकारलं, तेवढंच.

भैय्याजी तसेच उभे होते. मान किंचित उजवीकडे कललेली, कपाळाला आठ्या. एकदा त्यांनी हात सावरला. नळी जरा वर झाली, पुन्हा जागेवर आली. मग त्यांचा चेहरा बदलला. खटका वर गेला. हात खाली आला.

"आज नाई," ते म्हणाले. "स्प्रिंग बरोबर बसली नाई काल."

त्यांनी मॅगझीन काढलं, स्लाइड खेचली. नळीतलं काडतूस उडून गवतात पडलं. ते शोधायला ते वाकले नाहीत. माणिक धावत आईकडे गेला, तिचे दंड धरले, आणि तिथंच लहान मुलासारखा रडायला लागला. शेवटी देशकरांनीच कुणाकडून तरी कोयता आणून कोहळा कापला. कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांनी पाहिलं होतं.

दुपारी घरी आल्यावर रमाबाईंचा आवाज परतला, आणि परतला तो संतापानंच.

"मारून टाकलं असतं न मले! दिसत नाई, अन् बंदूक रोखता?"

भैय्याजी टेबलाशी बसून पिस्तूल उघडत होते.

"नसतं मारलं," ते हळू म्हणाले. "तुझ्या बांगड्या नाई वाजल्या."

"काय?"

"कुंकू लावून तू उजवीकडं जातेस, तं बांगड्या वाजत जातेत. मंग मी बार काढतो. दोन सालं झाली, असंच करतो. आज जाताना वाजल्या, बाजूले होताना वाजल्याच नाई. म्हटलं, ही हाय कुठं?"

रमाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग आपल्या मनगटांकडे. काकणं रुतल्याचे लाल वळ अजून उतरले नव्हते.

"भेवानं हात दाबून धरले होते मी," त्या म्हणाल्या. "म्हून नाई वाजल्या. अन् हात थरथरला असता तं? वाजल्या असत्या तं?"

 भैय्याजींच्या अंगठ्याखालची टोपी निसटली. ती टेबलावरून उडाली, फरशीवर वाजली आणि कुठंतरी जाऊन थांबली. ते वाकले नाहीत. दोन्ही हात टेबलावर तसेच ठेवून बसले. हात थरथरत होते आणि टेबलावरचे सुटे भाग एकमेकांवर बारीक किणकिणत होते.



"रमा," ते म्हणाले. "कुठं पडली वं? मले दिसून नाई राहिलं."

"दिवाणाखाली," त्या म्हणाल्या, आणि आणायला उठल्या.