चौथं डुक्कर

“तीनशे नव्वदच बरोबर आहे, लोसा. मी स्वतः दोनदा करून पाहिलं,” सेइनी मॅडम म्हणाल्या.

“बरोबर आहे म्हणूनच आलेय,” मी म्हणाले. “तिथे चारशे पन्नास हवंय.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. राजधानीतल्या शिक्षण खात्याच्या त्या खोलीत पंखा होता, पण तो त्यांच्याकडेच तोंड करून फिरत होता. आमच्या मध्ये वडिलांच्या सरावपत्रिकांचं कच्चं पुस्तक पडलं होतं. चौसष्ट पानं, वर त्यांचं नाव, लिसिआते. शुक्रवारी ते छापखान्यात जाणार होतं आणि मग टोंगाच्या सगळ्या बेटांवरच्या शाळांत.

पांगाईच्या शाळेत वडिलांनी एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. परदेशातून येणाऱ्या पुस्तकात बर्फावरून घसरणारी माणसं असायची. आमच्या वर्गात बर्फ पाहिला होता तो फक्त मासळीच्या पेटीत. म्हणून वडील स्वतः पत्रिका लिहायचे. नीरफणस झाडावरून पडायचे, चर्चच्या घंटेचा आवाज खाडीपलीकडे पोचायचा, बोटी भरायच्या. पानाच्या तळाशी उत्तरं असत. त्यांतलं एक ते मुद्दाम चुकीचं देत. एखाद्या तरी मुलानं हात वर करून म्हणावं, “सर, तुमचं चुकलंय,” एवढीच त्यांची इच्छा होती.

बाराव्या पत्रिकेत बोट होती. बोट एकशेवीस किलोची, माणूस नव्वदचा, साठ-साठ किलोची तीन डुकरं. किती लिटर पाणी बाजूला सरेल? किलोला एक लिटर धरा. तळाशी छापलेलं होतं : चारशे पन्नास.

“बोटीत तीन डुकरं चढवली मी,” जेवताना ते आईपुढे हात आपटायचे. “उत्तर जुळवायला एकोणचाळीस वह्यांत चार उतरली! चौथं पोहत आलं काय गं?”

“तुमच्या तोंडावर कोण म्हणणार चुकलं म्हणून?” आई म्हणायची. “लहान तोंडी मोठा घास!”

“अगं, पण मी त्यासाठीच...”

“जेवा आता.”

प्रत्येक पानावर एक चूक असते हे थोरली भावंडं धाकट्यांना सांगून ठेवत. सगळ्यांना ठाऊक होतं. तरी एकतीस वर्षांत एक हात वर गेला नाही.

“तुम्ही काय केलं होतंत, मॅडम?” मी विचारलं. त्या वडिलांच्या पहिल्या तुकडीतल्या.

त्या हसल्या. “चौथं डुक्कर. आणखी काय? आणि तू?”

“मी माणूस जाड केला. दीडशे किलोचा.”

दोघीही हसलो. मग मला माझी ती वही आठवली. वडिलांच्या डोक्याला हात लावायचा नाही, त्यांच्या ताटातलं उरलेलं खायचं नाही, अशा घरात मी वाढले. त्यांनी माझं गणित वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि लाल पेन न उघडताच वही परत दिली. नंतर वीस वर्षांत आम्ही दोघांनीही त्याबद्दल एक शब्द काढला नाही. फेब्रुवारीत ते गेले.

“पहिल्या पानावर एक ओळ छापा,” मी म्हणाले. “प्रत्येक पानावर एक उत्तर चुकीचं आहे, ते शोधा आणि शिक्षकांना सांगा. बस.”

“सरकारी पुस्तकात? यात चुका आहेत म्हणून?” त्यांनी कपाळाला हात लावला. “अगं पोरी, तिकडे लांब नीउआ बेटावरच्या शाळेतला मास्तर काय म्हणेल? लिसिआते सरांना बेरीज येत नव्हती? चौसष्ट उत्तरं मी रात्री बसून सुधारली, ती सरांचं नाव राखायला. माणूस गेल्यावर कुणी त्याच्या चुका परत मागतं का?”

“त्या चुका नव्हत्या. त्यांचं सगळं शिकवणं त्यातच होतं.”

“लोक काय समजतील ते बघ ना.”

त्या माझ्याहून अठरा वर्षांनी मोठ्या. वडिलांच्या अंत्यविधीत तीन दिवस आमच्या चुलीपुढे राबलेल्या.

“मॅडम,” मी म्हणाले, “तुमचं चुकतंय.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझा हात हातात घेतला, डोळे पुसले आणि मऊ आवाजात म्हणाल्या, “बरोबर आहे तुझं. अगदी बरोबर आहे.”

तेव्हाच मला कळलं की विषय संपला. आमच्याकडे मोठ्या माणसानं एवढ्या लवकर मान्य केलं, की पुढे काही होत नसतं. तरीही जेट्टीवर मी आशेनं बसून होते. पांगाईची बोट दोन तास उशिरा सुटली आणि वाटेत मला तीनदा उलटी झाली.

पुस्तक ऑगस्टमध्ये आलं. कागद चांगला होता. वडिलांचं नाव मोठ्या अक्षरात होतं आणि फोटोत त्यांचा टाय सरळ केलेला होता. ती ओळ नव्हती. शाळेत समारंभ झाला, प्रार्थना झाली. मला पुढच्या बाकावर बसवलं. मुख्याध्यापकांनी वर्गाला पहिली पत्रिका सोडवायला दिली. मुलं आधी पानाच्या तळाशी पाहत होती, मग वर येऊन आकडे मांडत होती. दहा मिनिटांत वह्या गोळा झाल्या.

“एकही चूक नाही!” मुख्याध्यापकांनी गठ्ठा उंच धरला. “पाहिलंत? ही लिसिआते सरांची पुण्याई!”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

“कुणाला काही विचारायचंय?” ते म्हणाले.

मुलं हाताची घडी घालून ताठ बसली होती. मी वळून एकेका चेहऱ्याकडे पाहिलं, अगदी शेवटच्या बाकापर्यंत. कुणालाच काही विचारायचं नव्हतं.