शेवटचं मिनिट

वादविवाद स्पर्धेचा नियम साधा असतो. प्रत्येक कॉलेजची दोन मुलं. एकानं विषयाच्या बाजूनं बोलायचं, दुसऱ्यानं विरोधात, आणि करंडक मात्र दोघांच्या गुणांची बेरीज करून. त्यामुळे एकाच बसनं आलेली, एकाच डब्यातून जेवलेली दोघं स्टेजवर एकमेकांची सालटी काढतात आणि खाली उतरून अर्धा अर्धा चहा पितात. नांदेडच्या जोडीचं गुपित याच्याही पुढचं होतं. विरूपाक्षचं भाषण निरंजनकौर लिहायची आणि तिचं विरूपाक्ष. "आपल्या बाजूची भोकं आपल्याला कधी दिसत न्हाईत, अप्पा," असं ती विरूपाक्षला म्हणायची. फक्त शेवटच्या मिनिटाचं पान ती कोरं सोडायची. शेवट ज्याचा त्यानं करावा, असा तिचा हट्ट.

विरूपाक्ष उदगीरच्या शंकरप्पांचा मुलगा, अडतीचं दुकान, कपाळाला भस्म, घरात कानडी आणि मराठी दोन्ही. निरंजन नांदेडच्या गुरुद्वाऱ्याजवळची. तिचं घराणं पाच-सहा पिढ्या तिथंच, आणि तिचं मराठी ऐकून परीक्षक चष्मा पुसायचे. दोन वर्षांत दोघांनी परभणी, बीड, अंबाजोगाई सगळीकडे धुमाकूळ घातला होता. विरूपाक्षचं तिच्यावर प्रेम होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, तिला तर नाहीच. पण लपवण्यात तो अगदीच कच्चा होता.

आणि आता सोळा दिवस ती कॉलेजात नव्हती. सत्त्याऐंशी साल, पाऊस नावाला नव्हता, हॉस्टेलला एक दिवसाआड टँकर यायचा. पाण्याच्या रांगेत उभं राहून विरूपाक्ष गेटकडे बघत बसायचा. ग्रंथालयाच्या पायरीवर तिची बसायची जागा होती. तिथं दुसरं कुणी टेकलं की तो लांबूनच मागं फिरायचा.

झालं होतं असं. निरंजनचा थोरला भाऊ करतारसिंग ट्रक चालवायचा. त्याला बाहेरून आलेल्या पोलिसांनी दहशतवाद मोडायच्या नव्या कायद्याखाली उचललं. चौदा ऑगस्टला तो नांदेडच्या एका लॉजवर दोन अनोळखी माणसांना भेटला, असा आरोप. आता चौदा ऑगस्टला करतार कुठं होता, हे दुसऱ्या कुणाला माहीत नसलं तरी विरूपाक्षला माहीत होतं. करतार हदगावहून कडबा भरून चाकूरच्या जनावरांच्या छावणीला निघाला होता आणि विरूपाक्ष सुट्टीला घरी जायला नांदेडहून त्याच्या शेजारी बसला होता. माळाकोळीच्या पुढं ट्रक बंद पडला. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत दोघं बाभळीखाली बसून शेंगा खात होते. तिसरं माणूस तिथं नव्हतं.

करतारच्या वकिलानं एकच मागितलं: शेजारी बसलेल्या त्या मुलाचं प्रतिज्ञापत्र.

विरूपाक्ष देणारच होता. तेवढ्यात शंकरप्पा उदगीरहून आले. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "सही केलास की तुझंबी नाव त्याच कागदात येतंय," ते म्हणाले. "त्या कायद्यात जामीन न्हाई म्हणतेत. घरात पोरगी लग्नाची हाय. इचार कर." विरूपाक्षनं विचार केला, आणि विचार करू लागलेला माणूस कुठं पोचतो ते आपण जाणतोच. तो निरंजनच्या दारात जाऊन म्हणाला, "लातूरची स्पर्धा होऊ दे. मग करतो."

"हाव," ती म्हणाली. "होऊ दे." रागावली असती तर बरं झालं असतं.

लातूरला जिल्हा होऊन पाच वर्षं झाली होती, पण जिल्हा झाल्याची हौस अजून फिटली नव्हती. नवं सभागृह, नव्या खुर्च्या, नवे अधिकारी पहिल्या रांगेत. विषय होता, 'दहशतवाद मोडायला कठोर कायदा हाच उपाय.' निरंजनच्या जागी सिंधु नावाची मुलगी बाजूनं बोलणार होती. बसमध्ये तिनं विरूपाक्षच्या हातात चार पानं ठेवली. "निरंजननं पाठवलीत. तुझं भाषण." अक्षर ओळखून त्यानं लगेच वाचायला घेतलं. पहिली दोन पानं त्याला ओळखीची होती, ग्रंथालयाच्या पायरीवर भांडून भांडून झालेली. तिसरं वाचताना अहमदपूर कधी आलं आणि गेलं, ते त्याला कळलं नाही. चौथं पान कोरं होतं.

सिंधु छान बोलली. आग लागल्यावर काडी कुणी ओढली याची चौकशी करत बसणार का, आधी पाणी मारा, म्हणाली. टाळ्या पडल्या. मग विरूपाक्ष उठला.

"कारण शोधणं म्हणजे माफ करणं नव्हे," त्यानं सुरुवात केली. अन्याय झाला म्हणून बाँब टाकला, हे तो मानायला तयार नव्हता. अन्याय तर या कोरड्या तालुक्यांतही आहे, इथं कुणी बाँब टाकत नाही. पण निरपराध माणूस आत गेला की त्याच्या गल्लीतली दहा पोरं सरकारकडे पाठ फिरवतात, आणि ज्यांना पोरं हवीच असतात ते तिथंच टपून बसलेले असतात. सभागृह ऐकत होतं. मग तिसरं पान आलं.

"समजा, एक ड्रायव्हर आहे. छावणीला कडबा नेताना त्याचा ट्रक रस्त्यात बंद पडतो. दिवसभर तो एका बाभळीखाली बसून असतो. त्याच दिवशी तो दुसरीकडे होता, असं कायदा म्हणतो. पण त्याच्याजवळ एक माणूस बसलेला आहे. त्या माणसाला सगळं माहीत आहे. तो माणूस..."

इथं पान संपलं.

विरूपाक्षनं वर पाहिलं. शेवटच्या मिनिटाची घंटा झाली. तो माणूस मी आहे, एवढे चार शब्द होते. ते तोंडापर्यंत आले, असं त्याला पुढं जन्मभर वाटत राहिलं. पण दोन वर्षांची सवय वाईट. जिभेला दुसरंच सुचलं आणि सुचलेलं सुंदर होतं.

"तो माणूस अजून गप्प आहे, अध्यक्ष महाराज. तो भित्रा नाही. माणसाला भित्रं करणारा कायदा आज आपण टाळ्या वाजवून मागतो आहोत!"

सभागृह उठून उभं राहिलं. पहिला क्रमांक विरूपाक्षचा, करंडक नांदेडचा. एका म्हाताऱ्या वकिलांनी तर त्याला छातीशी धरलं.

करंडक सिंधुकडे देऊन तो दुसऱ्या दिवशी सकाळी नांदेडला उतरला तो थेट कोर्टाच्या आवारात गेला. टायपिस्टनं चहा थांबवून कागद लावला. नाव, गाव, दिवस, बाभूळ, शेंगा. सगळं दहा मिनिटांत आटोपलं. वकील म्हणाले, आता काम होईल. त्याला कुणी दम दिला नाही, कुणी वाकड्या नजरेनं बघितलंही नाही. एका प्रतीवर सहीची शाई पुरती वाळली नव्हती, ती घेऊन तो जवळजवळ पळतच निरंजनच्या घरी गेला. तिचा चेहरा बघायला तो इतका आसुसला होता की रस्त्यात कुणी हाक मारली तेही त्याला ऐकू आलं नाही.

ती अंगणात धान्य निवडत होती. अंगानं वाळली होती. तिनं कागद दोनदा वाचला, नीट घडी घातली.

"बाबांना दाखवते," ती म्हणाली. मग थांबून विचारलं, "लातूरला शेवट काय केलास?"

तो खोटं बोलू शकला असता. तिच्याशी मात्र त्याला ते कधी जमलं नव्हतं. मान खाली घालून त्यानं ती वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली.

निरंजननं धान्याचं सूप बाजूला सारलं.

"चांगला हाय," ती म्हणाली. "लई चांगला. मला न्हाई सुचला असता."

आणि कागद घेऊन आत गेली. तिच्या तोंडून एकदा तरी अशी शाबासकी मिळावी म्हणून विरूपाक्ष दोन वर्षं झुरला होता.