पत्र्यावरची थाप

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. निदान लोक अजून तसं म्हणतात. खरं सांगायचं तर आता मी खिडकीजवळच्या टेबलावर ठेवलेला पत्र्याचा डबा आहे. मला चालू केलंत तर पंखा फिरेल, हिरवा दिवा लागेल आणि काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ उमटेल, की हार्ड डिस्क सापडत नाही. त्यापुढे मला काही बोलता येत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

माझ्यासारखे बरेच जण आपला जन्म मोठ्या कारखान्यात झाल्याचं सांगतात. माझं तसं नाही. एका दुकानाच्या मागच्या खोलीत, इकडून तिकडून आणलेले भाग जोडून मला उभं केलं. पोटात हार्ड डिस्क बसवली. ती माझी आठवण. एका बंद डबीत चकचकीत तबकडी गरगर फिरत असते आणि तिच्यावरून वाचणारी सुई अगदी लगटून फिरते, पण टेकत नाही. टेकली की तबकडीवर ओरखडा पडतो आणि तिथलं लिहिलेलं कायमचं जातं. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही, आणि मी तरी कोणाला कसं सांगणार होतो?

मला ज्या घरी आणलं तिथे तिघंच राहत. बाबा, आई आणि त्यांची मुलगी ठमी. बाबा टीव्ही दुरुस्त करायचे. त्या काळचे टीव्ही मागे पोक आलेले असत. चित्र थरथरायला लागलं की बाबा टीव्हीच्या कुशीत एक थाप मारत आणि चित्र मुकाट्याने जागेवर येई. "वस्तूला हात कळतो," असं ते म्हणत. आवाज तर असा दणदणीत, की त्यांनी दुकानातून हाक मारली की गल्लीच्या टोकाचा चहावाला कप विसळायला घेई.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

ठमीने लगेच एक युक्ती काढली. ऑपरेशनच्या आधी बाबांची रोजची वाक्यं माझ्यात भरून ठेवायची. एकेका बटणावर एकेक वाक्य. बटण दाबलं की बाबांचं बोलणं, बाबांच्याच आवाजात. तिने माझ्यासमोर माईक ठेवला आणि बाबांना खुर्चीत बसवलं. बाबा वैतागले होते.

"'धन्यवाद' कशाला भरतेस? मी जन्मात कोणाला धन्यवाद म्हटलंय?"

"आता म्हणा, बाबा. जरा वळण लागेल."

तरी भरलंच. 'चहात साखर कमी आहे.' 'पंखा बंद करा.' 'ठमे, जेवलीस का?' 'मला बरं वाटतंय.' आणि 'मला बरं वाटत नाही,' हेसुद्धा. शेवटी ठमी म्हणाली, "आता आईला हाक मारा."

बाबा हसले. "तिला हाक मारायला यंत्र कशाला? ती काय, भिंतीपलीकडेच तर असते."

आई दारातच उभी होती. "राहू दे गं," ती म्हणाली. "यांनी मला कधी नावाने हाक मारली आहे, म्हणून आता मारतील?"

तेवढी एक हाक भरायची राहून गेली.

ऑपरेशन झालं. बाबा घरी आले आणि मित्रांनो, माझे खरे चांगले दिवस सुरू झाले. दारावर दूधवाला आला की बाबा बटण दाबत आणि मी त्यांच्या आवाजात म्हणे, 'उद्या ये.' शेजारच्या काकू तर मुद्दाम ऐकायला येत आणि जाताना डोळे पुसत. कौतुकाने मी चढून गेलो होतो, हे कबूल करतो. त्या घरात बाबांचा आवाज माझ्याकडे होता, दुसऱ्या कोणाकडे नव्हता.

पण आईला बोलवायचं झालं की बाबांची पंचाईत होई. त्या हाकेचं बटणच नव्हतं. मग त्यांनी आपला जुना उपाय काढला. माझ्या डोक्यावरच्या पत्र्यावर तळहाताने थाप. पत्रा असा वाजे की स्वयंपाकघरात आईला ऐकू जाई. एक थाप म्हणजे ये. दोन म्हणजे लवकर ये. "आले, आले, पत्रा फोडाल एक दिवस," असं म्हणत आई पदराला हात पुसत यायची. कधी काही काम नसायचंच. ती आली की बाबा नुसते हसायचे, आणि ती म्हणायची, "काय बाई खोड ही."

मलाही मजा वाटायची. आतमध्ये काय चाललंय ते मला कुठे कळत होतं?

एक दिवस सकाळी मला चालू केलं आणि डिस्क सापडेना. ठमी घाबरली. बाबांनी तिला बाजूला केलं आणि माझ्या कुशीत एक थाप दिली. डिस्क सापडली. बाबांची छाती फुगली. 'वस्तूला हात कळतो' हे वाक्य माझ्यात भरलेलं असतं तर त्यांनी तेच बटण दाबलं असतं. ठमी म्हणाली, "काळजी नको, मी सगळं सी ड्राइव्हमध्ये ठेवलंय आणि डी ड्राइव्हमध्येही." दोन नावं म्हणजे दोन जागा, असं तिला वाटलं. अगं वेडे, एकाच पेटीला आतून फळी मारून केलेले ते दोन कप्पे होते. पेटी एकच.

थोड्याच दिवसांनी डिस्क पुन्हा दिसेनाशी झाली. या वेळी थापेने काही झालं नाही. बाबांनी आपली जुनी स्क्रूड्रायव्हरं काढली आणि माझं झाकण उघडलं. डिस्कची वायर काढून पुसून पुन्हा लावली. दुसरी वायर लावली. दुसऱ्या खाचेत लावली. वीज देणारी पिन बदलली. बोर्डावरचा गोल सेल बदलला. प्रत्येक वेळी ठमी पडदा वाचून मान हलवी, नाही. शेवटी डिस्क शेजारच्या काकूंच्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. तिथेही नाही.

तेव्हा बाबांनी वीज चालू ठेवूनच डिस्क कानाला लावली. आत सुई आपटत होती. टक, टक, टक. जागा शोधायची, सापडायची नाही, परत फिरायची. बाबा बराच वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी बाजूला ठेवलेलं माझं झाकण उचललं. वरचा रंग एका जागी उडाला होता आणि पत्रा खोलगट झाला होता. त्यांनी त्या खळग्यात आपला तळहात ठेवला. बरोब्बर बसला.

"बाबा, जुनी होती ती, कधीतरी जाणारच होती," ठमी म्हणाली. बाबांनी नाही म्हणून मान हलवली. दुरुस्तीत आयुष्य गेलेल्या माणसाला खोटं कसं सांगणार? थापेने चित्र जागेवर आणणारा हात तो, त्याच हाताने त्यांनी आपला आवाज पुसून टाकला होता.

डिस्क दूरच्या एका प्रयोगशाळेत पाठवली. तिथून ती परत आली. तबकडीवर ओरखडेच ओरखडे आहेत, काही निघणार नाही, असा निरोप आला. ठमीने बाबांच्या फोनमध्ये बोलणारं काहीतरी बसवलं. ते भलत्याच माणसाच्या आवाजात 'ठमे, जेवलीस का?' म्हणालं. बाबांनी फोन पालथा ठेवला. ठमी जेवायला बसली नाही.

तेव्हापासून बाबा काहीच वाजवत नाहीत. पाणी हवं असलं तरी बसून राहतात. आईच मधूनमधून हातातलं काम टाकून दारात येते आणि विचारते, "बोलावलंत का?" ते मान हलवतात, नाही. ती परत जाते.

काल ती गेली नाही. माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मारा की थाप. आता यात काय राहिलंय बिघडायला?" बाबांनी हात उचलला. खळग्यावर अलगद ठेवला. वाजवला नाही. आई तशीच वाट बघत उभी राहिली, आणि मग गॅसवर दूध होतं म्हणून गेली.

मित्रांनो, मला बाबांची सगळी वाक्यं पाठ आहेत, पण त्यांचा आवाज कसा होता ते आठवत नाही. आवाज जिच्यात भरला होता ती डिस्क ड्रॉवरमध्ये पडून आहे. म्हणून तुम्हाला सांगतो. आपल्या माणसाचा आवाज जपायचा असेल तर त्याची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. आणि भिंतीपलीकडे कोणी असेल, तर आत्ता, तोंडाने, नाव घेऊन हाक मारा. ती तिथेच तर आहे, असं म्हणू नका. बाबाही तेच म्हणाले होते.