कोंडीचा डावरा चाकू

मी कोंडी सुईणीचा चाकू बोलतोय. आधीच सांगून टाकतो, मी डावरा आहे. चाकू कुठं डावरा असतो का, म्हणून हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मला हसणाऱ्यांत मोठमोठी माणसं होऊन गेली, आणि त्यांतल्या एकाचा अंगठा मी कापलाय.

माझा जन्म मोखाड्याचा, सखा लोहाराच्या भट्टीतला. त्याच्याकडे एक झिजलेली जुनी कानस पडून होती. तिच्या पोलादातून त्यानं माझं पातं काढलं, चांगलं वीतभर लांब. मूठ सांबराच्या शिंगाची. पातं मुठीत मिटतं, आणि उघडलं की पाठीची कमान 'खट्' करून बसते. मग ओढा नाहीतर दाबा, पातं जागचं हलायचं नाही.

आमच्या डोंगरातले पुरुष कोयता कमरेला पाठीशी अडकवून हिंडतात. कोंडीला ते सोयीचं नव्हतं. ती खोडाळ्याजवळच्या पाड्यावरची. नाचणीच्या शेतात वाकलेली असली तरी कुठून हाक आली की तशीच निघायची. ओढे ओलांडत, घाट चढत, अडलेल्या बाईच्या दाराशी जायची. असं धावताना उघडं पातं ओटीत कसं ठेवणार? म्हणून तिला मिटणारा चाकू हवा होता.

"आन हे बघ सखा," ती म्हणाली, "माजा हात डावा. तुज्या चाकूची खाच माज्या नखाला घावत नाय."

मिटलेलं पातं नखानं ओढून काढायला त्याच्यावर एक खाच असते. साऱ्या जगाच्या चाकूंना ती उजव्यांच्या सोयीनं पाडलेली. भट्टीशी बसलेली माणसं फिदीफिदी हसली. एक म्हणाला, "डाव्या हातानं जन्माचं काम? अपशकुन हाय तो."

"पोर येताना हात बघून येत नाय," कोंडी म्हणाली.

सखानं घणाखालून मान वर केली. "हात तिचा, चाकू तिचा. तुमच्या का पोटात दुखतंय?" आणि त्यानं माझी खाच मुद्दाम उलट्या अंगाला पाडली. असा मी जन्मालाच हट्टी आलो.

पहिली बारा वर्षं मी कोंडीच्या ओटीत सुखानं होतो. कामाआधी ती मला विस्तवावर धरायची, पातं निवू द्यायची, मग नाळ कापायची. एका झटक्यात. किती पोरं झाली ते मी मोजलं नाही. कोंडीलाही मोजता येत नव्हतं.

आणि आमच्या पाड्यांची एक रीत होती. ज्या पात्यानं नाळ कापली, तेच पातं पाचवीला पाट्यावर ठेवायचं, तांदूळ आणि हळदकुंकू वाहायचं. त्याशिवाय सटवाई पोराच्या कपाळी काही लिहीत नाही, असं बाया मानत. सटवाई माझ्या भरवशावर लिहिते का, हे मला ठाऊक नाही. पण बाळंतिणीचा डोळा माझ्या भरवशावर लागायचा, एवढं मी पाहिलेलं आहे.

आता हौशीची गोष्ट ऐका.

त्या काळी जव्हारला राजाचा अंमल होता आणि मोखाडा, खोडाळा इंग्रजांच्या मुलखात. मधे नाका. हौशीचं सासर नाक्यापलीकडे, जव्हारच्या बाजूला. तिची आधीची दोन पोरं पाचवी बघायच्या आतच गेली होती. तिसऱ्यांदा कोंडीला बोलावणं आलं. मुलगी झाली, एवढीशी, पण आवाज खणखणीत. मी नाळ कापली. हौशीनं कोंडीचा हात धरला आणि म्हणाली, "मावशी, पाचवीला येशील ना गं? चाकू घेऊन?"

"नाय येऊन कुठं जाते?" कोंडी म्हणाली.

परतताना नाक्यावरच्या शिपायानं तिला अडवलं. ओटीतून मला काढलं आणि डोळे वटारले. "बाईमाणसापाशी एवढा चाकू? संस्थानात हत्यार घेऊन फिरतेस? जप्त!" कोंडीनं परोपरीनं सांगितलं. ऐकतो कोण!

जप्त बिप्त काही नव्हतं. जव्हारात आबासाहेब नावाचे दरबारचे एक अंमलदार राहत. मिटणाऱ्या मोठ्या चाकूंचा त्यांना भारी नाद. कुणाला त्यांची मर्जी हवी असली की तो एखादा चाकू शोधून नेई. शिपायानं दुसऱ्याच दिवशी मला नेऊन त्यांच्या हातावर ठेवलं.

त्यांच्या सागवानी कपाटात चाळीस चाकू होते. प्रत्येकाला त्याच्या मापाचा खळगा कोरलेला आणि वर लाल मखमल. माझ्यासाठीही त्याच संध्याकाळी सुताराकडून खळगा कोरून घेतला. शेजारी एक विलायती होता, सहा पात्यांचा. पलीकडे एक कच्छी, पितळेच्या नक्षीचा. एक शिंपल्याच्या मुठीचा होता, तो सदा स्वतःच्याच चकाकीवर खूश. मी त्याला विचारलं, "बाबा रे, तू आजवर कापलंस काय?" तो म्हणाला, "छे! मी कापत नाही." म्हटलं, धन्य आहे तुझी.

पण खोटं का बोलू? आबासाहेब जाणकार होते. एकेक चाकू कानाशी धरून उघडत, आवाज ऐकत. तिळाच्या तेलाचा थेंब सांध्यात सोडत, मऊ फडक्यानं पुसत. माझी मूठ तळहातावर तोलून ते म्हणाले, "वा! काय वजन आहे! कुठल्या डोंगरातला लोहार हा?" क्षणभर मला बरं वाटलं. माझं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. कोंडीनं तर कधीच नाही.

दुसऱ्या दिवशी ते मला उघडायला बसले. नख खाचेला लागेना. उलटसुलट केलं, दात लावले. कसंबसं पातं उघडलं. मिटताना मात्र अंगठा मधे आला आणि मी तो कापला. मुद्दाम? होय, मुद्दाम!

"लोहार चुकलाय," अंगठा चोखत ते आपल्या जुन्या गड्याला, जिवाला, म्हणाले. "खाच भलत्याच बाजूला पाडलीय. एवढा सुंदर चाकू आणि ही चूक! जिवा, परवा माणूस नाशिकला जातोय, त्याच्याबरोबर दे. खाच भरून सरळ बाजूला पाडून आणू दे. मूठही हस्तिदंताची बसवू."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. माझी खाच भरणार? सखाचा हट्ट, कोंडीचा हात, सगळं भरून काढणार? आणि हा परवा म्हणजे हौशीच्या लेकीच्या पाचवीचाच दिवस.

इकडे कोंडी स्वस्थ बसली नव्हती. नाक्यावर दोन दिवस खेटे घातले तेव्हा कुणीतरी आबासाहेबांचं नाव सांगितलं. ती चालत जव्हारला आली. पोर झाल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी ओसरीपुढे येऊन उभी राहिली. पाय धुळीनं माखलेले.

"काय पाहिजे गं?" जिवानं विचारलं.

"माजा चाकू."

आबासाहेब बाहेर आले. तिनं त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "साहेब, तू माजा चाकू घेतलास. उद्या पाचवी हाय."

"अगं ए! साहेबांना तू म्हणतेस?" जिवा ओरडला. आता, आमच्या पाड्यावर देवालाही तू आणि पाटलालाही तू. तिला दुसरं बोलणं येतच नव्हतं. आबासाहेब गालात हसले आणि म्हणाले, "बोलू दे तिला."

तिनं हौशीची सारी हकिकत सांगितली. दोन गेलेली पोरं, हे तिसरं, आणि पाट्यावर ठेवायचं पातं. आबासाहेबांनी ऐकून घेतलं. मग कपाटाचे कप्पे काढून ओसरीवर मांडायला लावले. "हे बघ बाई, मी अन्याय करणारा माणूस नव्हे. यातला तुला आवडेल तो घेऊन जा. हा विलायती ने. पण तो एक चाकू मला राहू दे."

कोंडीनं चाळीसही चाकूंवरून नजर फिरवली. "यातल्या कुणी हौशीच्या पोरीची नाळ कापली?"

आबासाहेब कप्प्यावर वाकले. त्यांनी मला खळग्यातून उचललं. "आणि तो तरी तुझाच कशावरून? चुकीचा चाकू आहे हा. खाच उलटी आहे. हा कुणाच्या कामाला येणार?"

कोंडी हसली. चार दिवसांत पहिल्यांदाच हसली असेल. "खाच उलटी नाय साहेब. तू उलटा धरलास." तिनं हात पुढं केला, डावा. त्यांनी मला तिच्या तळव्यावर ठेवलं. मूठ तिच्या बोटांत बसली, नख खाचेत गेलं, आणि 'खट्'!

एवढा मोकळा आवाज माझ्यातून चार दिवसांत निघाला नव्हता.

"पुन्हा उघड," आबासाहेब म्हणाले. तिनं उघडला. "आणखी एकदा." तिनं पुन्हा उघडला. मग त्यांनी मला आपल्या डाव्या हातात घेतलं. सवय नव्हती, बोटं अवघडली, पण नख बरोबर खाचेत गेलं. त्यांचा चेहरा पडला. "लोहार चुकला नव्हता. चुकलो मी," ते म्हणाले.

पण मूठ काही सुटेना त्यांच्या हातून. नाद वाईट असतो हो. चूक कळली म्हणून हात लगेच मोकळा होतोच असं नाही. मी आतून ओरडत होतो, सोड, सोड मला!

कोंडी पदर खोचून म्हणाली, "बरं, नको देऊस. तूच चल. उद्या पाट्याम्होरं तू बस चाकू घेऊन. हौशी इचारंल, माजी पोर जगंल का? तिला तू सांग काय ते."

आबासाहेबांनी मान खाली घातली. मग मला मिटलं, या खेपेला नीट, आणि तिच्या ओटीत घातलं. आत जाऊन नाक्यासाठी चिठ्ठी लिहून आणली की हा चाकू कोंडी सुईणीच्या कामाचा आहे, याला कुणी हात लावू नये. "पळ आता, उशीर होईल," म्हणाले. "याची जागा मात्र मी मोडणार नाही."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आम्ही हौशीच्या अंगणात पोचलो. तिची सासू पोशी कंटाळून पाट्यावर विळा ठेवून बसली होती. हौशी बाळाला छातीशी धरून एकच म्हणत होती, "मावशी येईल. तोवर पूजा नाय करायची." कोंडीला बघितल्यावर ती मोठ्यानं रडली. विळा उचलला गेला, मी पाट्यावर बसलो, तांदूळ पडले, हळदकुंकू पडलं. त्या रात्री हौशी पाच दिवसांत पहिल्यांदा झोपली.

पोर जगली. चैती तिचं नाव. दहा-बारा वर्षांची झाल्यावर ती कोंडीच्या मागं मागं हिंडायला लागली, काम शिकायला लागली. ती मात्र उजव्या हाताची. माझ्याशी झटापट करून दमायची. एकदा म्हणाली, "मावशी, सखाबाबाकडून या अंगाला दुसरी खाच पाडून घेऊ या ना!"

"हात बदल," कोंडी म्हणाली. "चाकू नाय बदलायचा."

आणि पोरीनं हात बदलला! महिनाभर बोटं कापून घेतली, पण शिकली. आता डाव्या हातानं मला उघडते तेव्हा बघणाऱ्यांना कोंडीच बसलीय असं वाटतं.

आबासाहेबांनी शब्द पाळला. माझा खळगा रिकामाच ठेवला. पाहुणे विचारायचे, इथला चाकू कुठं गेला? ते सांगायचे, "मोखाड्याकडे कामावर गेलाय." जिवाच्या तोंडून हे आम्हाला कळलं. तो आता म्हातारा झालाय. गेल्या महिन्यात काठी टेकत आला आणि एक पुडकं कोंडीपुढे ठेवलं. आबासाहेब वारले. चाळीस चाकू चाळीस घरी गेले. जाण्याआधी त्यांनी माझ्या खळग्यावरची मखमल उचकटून ठेवायला सांगितली होती. "म्हणाले, चाकूला निजायला दे," जिवा डोळे पुसत म्हणाला.

कोंडीनं मखमल हातात घेतली. मधे माझ्या आकाराचा खोलगा उमटलेला होता. तिचेही डोळे भरले. "चांगला माणूस व्हता," म्हणाली. मग मला ओटीतून काढलं. "पर येडा व्हता. चाकू कधी निजतो का रं?"

शेजारी चैती बाळंत होऊन तीन दिवस झाले होते. कोंडीचा हात आता थरथरतो, तरी नाळ तिनंच माझ्याकडून कापून घेतली होती. तिनं मखमल मांडीवर पसरली आणि माझं पातं तिच्यावर ठेवलं. माझं अंथरूण मी माझ्या धारेनं कापलं, एकदाही न अडता. पाचवीला त्या बाळाच्या डोक्यावर लाल मखमलीचं टोपडं होतं आणि पाट्यावर मी होतो.

धार लावून लावून मी आता अर्धा उरलोय. मूठ तडकलीय. जायचे दिवस जवळ आलेत, त्याचं मला दुःख नाही. मी गेल्यावर मला मातीत टाका नाहीतर काचेच्या कपाटात मांडा, माझी हरकत नाही. पण माझी खाच बघून कुणी "लोहार चुकला" म्हणालं, तर त्यानं आपला अंगठा सांभाळावा.