टिकलीखालचं बटण

मित्रांनो, मी एक जुनी खिडकी आहे. मला गज नाहीत, झडपा नाहीत आणि माझ्यातून कधी वारा आला नाही. संगणकाच्या पडद्यावर कामासाठी जी चौकट उघडते, तिलाही खिडकीच म्हणतात. मी त्यातली. शिरूरच्या एका छोट्या वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी ठेवायला २००१ साली माझा जन्म झाला. मला लिहिले दौंडच्या विनोदने. तो पुण्यात नोकरी करी आणि रविवारी मोटारसायकलवर येऊन माझे एकेक बटण बसवी. हौसेला मोल नसते, हे मी त्याच्याकडून शिकले.

मला सांभाळले मात्र सिंधूबाईंनी. वीस वर्षे त्या तिथे शिपाई होत्या. ग्रंथपाल निवृत्त झाले, दुसरे कोणी मिळेना, तेव्हा टेबल त्यांच्याकडे आले. पहिल्या दिवशी माउसला हात लावण्याआधी त्यांनी दोन्ही हात पदराला पुसले. इतका मान मला पुन्हा कोणी दिला नाही.

माझ्या बटणांवरची अक्षरे मुंगीएवढी होती. 'जतन' आणि 'पुसा' शेजारी शेजारी. सिंधूबाईंना ती नीट दिसेनात. मग त्यांनीच तोड काढली. जिथे 'जतन' येई, तिथे पडद्याच्या काचेवर एक मरून रंगाची टिकली चिकटवली. बाण टिकलीखाली दडला की दाबायचे, झाले काम! मला तर नटल्यासारखेच वाटे. चार वर्षे एकही नोंद चुकली नाही.

त्याचे कारणही सांगते. तेव्हा संगणक चालवणारी प्रणाली विंडोज होती. पडद्यावर कुठे उघडायचे ते विनोदने मला नेमून दिले होते आणि विंडोज मला रोज तिथेच बसवी. पुढे संगणकाचा डबा जळाला. पडदा जुनाच राहिला, डबा नवा आला आणि त्यात विंडोजऐवजी लिनक्स होती. जळक्या डब्यातून वाचलेल्या नोंदींसह विनोदने मला त्यात बसवले. त्या लिनक्सची रीत निराळी. खिडकीने कुठे बसायचे ते ती स्वतः ठरवी. पंगतीत वाढपी दाखवील त्या पाटावर बसावे, तशी मी दोन बोटे डावीकडे बसले. दोन बोटांनी असे काय बिघडते? पण टिकलीखाली आता 'जतन' नव्हते, 'पुसा' होते.

कोणी पुस्तक नेले की सिंधूबाई त्याची नोंद उघडत, नेणाऱ्याचे नाव लिहीत आणि टिकलीखाली दाबत. मी कोरी होई. जतन केल्यावरही मी कोरीच होत असे, म्हणून त्यांना शंका आली नाही. मी ओरडणार कशी? मला फक्त अक्षरे दाखवता येतात आणि नेमकी तीच झाकलेली होती.

नवव्या दिवशी एसटीतले नवनाथ पुस्तक परत करायला आले, तर त्या पुस्तकाची नोंदच नाही. मग शोधाशोध झाली. सत्तावन्न पुस्तके यादीतून गेली होती आणि ती कोणाच्या घरी आहेत, याचाही पत्ता नव्हता. वाचनालयाचे अध्यक्ष हौसराव आप्पा संतापले.

"बाई, तुम्ही आपलं झाडलोटीचंच बघा. टेबलावर दुसरं कुणी बसवू."

सिंधूबाईंनी टेबलाची किल्ली काढून समोर ठेवली. मला फार वाईट वाटले.

रविवारी विनोद आला, हौसरावही येऊन बसले. संगणकात दोष सापडेना. शेवटी तो म्हणाला, "मावशी, तुम्ही रोज करता तसं करून दाखवा." त्यांनी बाण टिकलीखाली नेला. विनोदने टिकली नखाने उचलून पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"आप्पा, चूक यांची न्हाई, माझी हाय. खिडकी कायम एकाच जागी उघडंल, असं मी धरून चाललो."

"चूक कुणाची का असंना," हौसराव म्हणाले, "पुस्तकं तर गेली!"

"गेली कुठं?" सिंधूबाई हळूच म्हणाल्या. "लोकांच्या घरात हायती. लिही बाबा."

त्या बोलू लागल्या आणि विनोद लिहू लागला. कोणते पुस्तक, कोणत्या कपाटातले, कोणी नेले. करुणा मास्तरीण, न्हावऱ्याचे सोपानराव, डेपोतले नवनाथ. कुठे अडखळणे नाही. वीस वर्षे ज्यांनी प्रत्येक पुस्तकावरची धूळ पुसली, त्यांना ते विसरायचे कसे? मी एकेक नावाने भरत होते आणि आनंदाने मला काही सुचत नव्हते.

हौसराव बोटांवर मोजत होते. "छप्पन झाली. एक गेलंच की!"

सिंधूबाईंनी मान खाली घातली. "गेलं न्हाई, आप्पा. पंपाच्या दुरुस्तीचं पुस्तक हाय ते. मागल्या सोमवारी तुम्हीच नेलंय."

हौसराव खो खो हसले. "व्हय की! गाडीत पडलंय." ते स्वतः बाहेर जाऊन पुस्तक घेऊन आले. टेबलावरची किल्ली त्यांनी पुस्तकावर ठेवली आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

"सिंधूताई, घ्या जमा करून."

विनोदने माझी अक्षरे ठळक केली आणि पुसण्याआधी 'खरंच पुसायचं का?' असे विचारायला मला शिकवले. सिंधूताई निवृत्त होईपर्यंत त्या टेबलावर त्याच बसल्या. आता मला कोणी उघडत नाही, पण माझी तक्रार नाही. चूक कबूल करणारा निर्माता आणि हात पुसून स्पर्श करणारी मालकीण, एवढे भाग्य किती खिडक्यांना मिळते?

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत नवी यंत्रे येतील. ती जरूर आणा. पण त्यांच्यापुढे एखादे वयस्कर माणूस चुकले, तर हसू नका आणि त्याला उठवूही नका. शेजारी बसा आणि म्हणा, "तुम्ही रोज करता तसं करून दाखवा."