तासाभरातला रिपोर्ट

१९९३ साली कॉलऱ्याची साथ चामराजपेटेत शिरली, तेव्हा तिथल्या एका छोट्या इस्पितळाची तपासणी-खोली येसाजीअण्णांच्या ताब्यात होती. आलेला नमुना बशीत पेरायचा, जंतू वाढू द्यायचे आणि दोन दिवसांनी रिपोर्ट द्यायचा, हा त्यांचा बत्तीस वर्षांचा नेम.

नव्या डॉक्टरांना तो पटेना. "स्वल्प लवकर हात चालवा, अण्णा. समोरची लॅब तासाभरात सांगते. उद्यापासून सगळे नमुने तिकडेच पाठवू."

"सलाईन लावायला माझा रिपोर्ट लागत नाही, सर. ते आत्ताच लावा," अण्णा शांतपणे म्हणाले. "पण नुसतं जुलाबाचं पांढरट पाणी बघून कॉलरा ठरवायचा, तर लॅब कशाला हवी?"

डॉक्टरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घरून एक बाटली आणली, तिच्यावर कुणा सोमण्णाचं नाव चिकटवलं आणि स्वतःच रस्ता ओलांडून समोर देऊन आले. तासाभरात रिपोर्ट आला. कॉलरा, ठळक अक्षरांत, सहीशिक्क्यासकट.

डॉक्टर लगबगीने उठले. "बघा, किती झटपट! या सोमण्णाला आधी दाखल करून घ्या. राहतो कुठे?"

"माझ्याच घरी," अण्णा म्हणाले. "आमच्या रत्नाबाईंनी सकाळी तांदूळ धुतले, त्याचं पाणी होतं ते. भात डब्यात आहे, सर. दुपारी जेवायला या."