खुणेची बाटली

श्रावणनं डोंग्याच्या काठावरून हात कोपरापर्यंत पाण्यात घातला आणि बोटं पसरून तसाच धरून ठेवला. पौषातलं पाणी होतं. समोर वल्हं धरून बसलेल्या अंकुशनं नुसतं पाहूनच खांदे आखडून घेतले.

"इथं नाई," श्रावण म्हणाला. "अजून दहा हात मार."

अंकुशनं दहा हात मारले. श्रावणनं पुन्हा पाणी चाचपलं.

"हां. टाक."

थंडीत धरणातली मासोळी तळाशी जाते आणि फारशी हलत नाही. बुडालेल्या गावाच्या जुन्या नाल्यात ती गोळा होते. तो नाला पाण्याखाली कुठून कसा वळतो, हे मच्छीमार संस्थेच्या सहाही डोंग्यांत श्रावणइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. जाळं सरसर उतरत गेलं. शेवटी अंकुशनं दोराला खुणेची पांढरी बाटली बांधून पाण्यावर सोडली.

"दिसते ना बरोबर?" श्रावणनं विचारलं.

"दिसते."

श्रावण ज्या बाजूला तोंड करून बसला होता, तिकडे बाटली नव्हती. अंकुशनं डोंगा वळवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर वर्ध्याच्या व्यापाऱ्याची गाडी लागली होती. बर्फाच्या लाद्या गोणपाटाखाली झाकलेल्या होत्या आणि मासे निवडणाऱ्या बाया रिकाम्या खोक्यांवर बसून हात चोळत होत्या. कुंताबाई नवऱ्याच्या बाजूनं चालत आली. वाटेत ती हळूच "दगड" म्हणे, मग "आता उतार," आणि श्रावण पाय तसा टाके. माणसं दिसू लागली तशी तिनं त्याचं कोपर सोडलं.

संस्थेचा सचिव प्रफुल काठावर उभाच होता.

"आज काका एकटेच जातीन," तो म्हणाला. "अंकुश, तू बस."

"काऊन?" अंकुशनं विचारलं.

"ज्याच्या नावावर डोंगा, त्यानं एक डाव एकट्यानं जाळं आणून दाखवायचं. सगळ्याइलेच करा लागन. सुरुवात मोठ्यापासून."

श्रावण हसला. "तुया बापाले जाळं धराले मी शिकवलं, प्रफुल."

"म्हणूनच म्हटलं, तुम्हाले काय जड हाये."

श्रावणनं डोंगा ढकलला. ऊन डाव्या गालावर घेत, ओठ हलवत तो वल्ह्याचे हात मोजत गेला. एकशेचाळीसाव्या हाताला थांबला. जागा अगदी बरोबर होती. त्यानं वाकून पाणी चाचपलं, दोर लागेना. थोडा पुढं सरकला, पुन्हा चाचपलं.

पहाटेच प्रफुलच्या भावानं जाळं ओढून दुसरीकडे नेऊन लावलं होतं. आता बाटली श्रावणच्या डाव्या हाताला, दोन डोंग्यांच्या अंतरावर उन्हात चमकत होती. काठावरच्या प्रत्येकाला ती दिसत होती.

"उजवीकडे, काका!" कोणीतरी ओरडलं.

श्रावण उजवीकडे गेला.

"अजून! अजून थोडं!"

तो अजून गेला. काठावर हशा पिकला. खोक्यावरची एक बाई तोंडात पदर कोंबून हसू लागली. गाडीच्या ड्रायव्हरनं मोबाईल काढून वर धरला. श्रावण आता गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी पाणी कालवत होता. डोंगा जागच्या जागी गोल फिरत होता, आणि काठ कुठल्या अंगाला आहे हेही त्याला कळत नसावं, कारण तो पलीकडच्या डोंगराकडे तोंड करून ओरडला,

"कुंता! बाटली कोठी हाये?"

हसणं एकदम थांबलं. सगळे कुंताबाईकडे पाहू लागले. तिनं पदर ओठांवर दाबून धरला.

"कुंता! हायेस ना तू? सांग ना वो!"

ती उभी होती तशीच राहिली. एक शब्द पुरला असता. प्रफुल तिच्याकडे पाहत नव्हता, तो पाण्याकडे पाहत होता.

शेवटी अंकुशनं दुसऱ्या कोणाचा तरी डोंगा ओढला आणि वल्हं मारत गेला. श्रावणच्या डोंग्याला दोर बांधला आणि त्याला घेऊन आला. श्रावणच्या बाह्या खांद्यापर्यंत भिजल्या होत्या आणि हनुवटी थडथड उडत होती.

"उद्यापासून डोंगा माया भावाकडे," प्रफुल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "काकाले आपण टाकून नाई देत. बर्फ फोडाले बसतीन. बर्फ फोडाले डोळे लागत नाई."

या वेळी हसले ते थोडेच जण.

श्रावण बर्फ फोडायला गेला. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी गेला. गाडीच्या मागं पोत्यावर बसून लाकडी मोगरीनं तो लाद्या फोडी. बोटं बधिर झाली की काखेत धरी. लोक टोपल्या घेऊन त्याच्याजवळून जात आणि त्याला ऐकू जाईल असं सांगत, की प्रफुलच्या भावाला नाला सापडतच नाही, मासोळी निम्म्यावर आली. श्रावण मोगरी थांबवत नसे. अंकुश जवळ येऊन उभा राहिला की मात्र तो तोंड फिरवून घेई.

"अंकुशनंच सांगतलं माया डोळ्याचं," एका संध्याकाळी तो घरी म्हणाला. खाटेवर बसून तो हात चुलीकडे धरून शेकत होता. "बाकी कोणाले माहीत होतं? डोंग्यात माया संग तोच राहे."

कुंताबाई चहा गाळत होती. "असन," ती म्हणाली.

तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. श्रावणनं ती ओळखली.

"त्याले सांग, इकडे पाय ठेवाचा नाई म्हणा."

कुंताबाई बाहेर गेली आणि तिनं दार ओढून घेतलं. अंकुश तुळशीपाशी उभा होता, हातात कागदात गुंडाळलेली मासोळी.

"येऊ नोका म्हणते ते," ती म्हणाली.

अंकुशनं मान हलवली. मग आवाज उतरवून म्हणाला, "वहिनी, जाळं हलवलं त्याच्या आदल्या शुक्रवारी तुम्ही प्रफुलच्या घरी आल्त्या. मी मांगच्या अंगणात जाळं सांधत होतो."

कुंताबाईनं मागं दाराकडे पाहिलं.

"महिन्यात दोनदा पाण्यात पडले ते," ती कुजबुजली. "सांगून आयकत नाई. मी प्रफुलले म्हटलं, पाण्यावरून काढ त्याईले. तमाशा कर, असं नोयतं म्हटलं मी." ती थांबली. "तुम्ही काऊन सांगतलं नाई त्याईले?"

"मी त्याईचा नुसता पाण्यावरचा माणूस," अंकुश म्हणाला. "पाणी तर सुटलंच त्याईचं. घर नाई सुटलं पायजे."

त्यानं मासोळी ओट्यावर ठेवली आणि तो गेला. फाटकाची कडी लागेपर्यंत कुंताबाई उभी राहिली. मग आत आली.

"गेला?" श्रावणनं विचारलं.

"गेला."

"काय म्हणे?"

कुंताबाईनं चहा कपात ओतला. कप त्याच्या दोन्ही हातांत नीट बसवला, त्याची बोटं एकेक करून त्याभोवती मिटवली.

"कबूल झाला," ती म्हणाली.